भट्टीच्या काचेतून सूर्य

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला प्रत्येकाला एका विषयावर सेमिनार द्यावा लागतो. मी कृष्णविवर घेतलं. का घेतलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. लेसर, सौरऊर्जा, रेडिओ लहरी असे सोपे विषय बाकीच्यांनी आधीच घेऊन टाकले होते, आणि सरांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, कृष्णविवर म्हणजे आपलं कँटीन. गेलेला माणूस तासाला परत येत नाही." सगळे हसले. मीही हसले. पण विषय वहीत लिहिला गेला होता.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आमचं गाव कुंभार पिंपळगावजवळ आहे. पप्पा लग्नाच्या आधीच जालन्याला आले आणि लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर लागले. एमआयडीसीच्या मागे आमच्या दोन खोल्या आहेत. आई ब्लाउज शिवते. घरात पुस्तक म्हणजे माझंच, त्यामुळे एखादी गोष्ट समजली नाही तर विचारायचं कोणाला, हा प्रश्न मला पहिलीपासून आहे. कदाचित म्हणूनच मला न समजलेल्या गोष्टींची भीती जरा जास्त वाटते.

पहिल्या दिवशी ग्रंथालयात बसून मी जे वाचलं ते असं. तारा म्हणजे सतत चाललेली ओढाताण असते. त्याचं स्वतःचं वजन त्याला आत दाबत असतं आणि पोटातली आग त्याला बाहेर ढकलत असते. दोन्ही जोर सारखे आहेत तोवर तारा टिकतो. आग आधी हायड्रोजनवर चालते, मग हेलियमवर, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन. फार मोठा तारा असेल तर शेवटी त्याच्या मधोमध लोखंड तयार होतं, आणि लोखंडापाशी सगळं थांबतं. लोखंडाचे अणू जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट ओतावी लागते. मग आतून आधार राहत नाही. लाखो वर्षं तोलून राहिलेला तारा मधून एका सेकंदाच्या आत खचतो. बाहेरचा भाग स्फोटात उडून जातो. आत उरलेला गोळा फारच जड असेल तर त्याला थांबवणारं जगात काहीच नाही. तो आत आत जात राहतो, आणि एका हद्दीच्या आतून प्रकाशसुद्धा बाहेर येऊ शकत नाही.

मी वही मिटली. आमचं घर लोखंडावर चालतं. लोखंड म्हणजे शेवट, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी पप्पा पाळीवरून आले, हातपाय धुऊन ओट्यावर बसले, तेव्हा मी विचारलं, "पप्पा, लोखंड जळतं का?"

"जळतं कसं? लाकूड हाय का ते?" ते म्हणाले. "लोखंड करंट पितं. जेवढा देशील तेवढा पितं, अन् मंग पातळ होतं. वापस काहीच देत न्हाई."

"ताऱ्यात पण तसंच होतं."

"मंग तिथं बी कुनी जालन्याचाच मानूस कामाला असंल," पप्पा म्हणाले, आणि आतून आई हसल्याचा आवाज आला.

पप्पांचं काम विजेच्या भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर. गावोगावचं भंगार तिथे येतं. सायकली, पलंग, पत्रे, गाड्यांचे शॉकअप, म्हणजे धक्के झेलणाऱ्या जाड नळ्या, नळ. चुंबकाची क्रेन ते उचलून प्लॅटफॉर्मवर टाकते आणि तिथून ते वितळलेल्या लोखंडात ढकलायचं. त्यात एखादा दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप असला, आत थोडंसं पाणी असलं, तर ते पाणी वाफ होऊन फुटतं आणि पातळ लोखंड वर उडतं. म्हणून भंगार भट्टीत जायच्या आधी एका माणसाने ते डोळ्यांखालून घालायचं आणि बंद तोंडाची वस्तू आकड्याने बाजूला ओढायची. तो माणूस म्हणजे पप्पा. क्रेन चालवतात ते चाचा. ते जुन्या जालन्यातले, घरी उर्दू बोलणारे. त्यांची आणि पप्पांची जोडी माझ्या जन्माच्या आधीपासूनची. पप्पांनी मान हलवल्याशिवाय चाचा पुढचा माल सोडत नाहीत.

पप्पांच्या खिशात एक निळी काच असते. हाताच्या पंजाएवढी, लाकडी पट्टीत बसवलेली. उघड्या डोळ्यांनी भट्टीत बघितलं तर नुसता उजेड दिसतो. या काचेतून बघितलं की लोखंड कुठे पातळ झालंय आणि वर मळी कुठे तरंगतेय ते वेगळं दिसतं. लहानपणी मी ती डोळ्याला लावून घरभर फिरायचे. सगळं घर पाण्यात बुडाल्यासारखं वाटायचं.

सेमिनारच्या दहा-बारा दिवस आधी सरांनी वर्गात सांगितलं की सध्या सूर्यावर एक मोठा डाग आलाय. पृथ्वी त्यात कितीतरी वेळा बसेल एवढा. योग्य फिल्टर असेल तर दुर्बिणीशिवायही दिसतो. कॉलेजने फिल्टर मागवलाय, पुढच्या आठवड्यात येईल. "तोपर्यंत कोणी साध्या काचेतून, गॉगलमधून, एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्याकडे बघायचं नाही," ते म्हणाले. "नीट ऐका. ही गंमत नाही."

मी नीट ऐकलं होतं. पण त्या यादीत भट्टीची काच नव्हती.

मला काय वाटलं ते खरं खरं लिहायचं तर असं. माझ्या सेमिनारमधलं सगळं पुस्तकातलं होतं. एकही गोष्ट माझी नव्हती. निदान एका ताऱ्याकडे मी स्वतः बघितलंय, असं मला वर्गापुढे म्हणता यायला हवं होतं. आणि ज्या काचेतून पप्पा वीस-बावीस वर्षं उकळत्या लोखंडाकडे बघत आलेत ती काच सूर्याला पुरणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पप्पांच्याही नाही. मी मागितली तेव्हा ते म्हणाले, "भट्टीफुडं सूर्य काय चीज हाय?"

रविवारी दुपारी आम्ही गच्चीवर गेलो. मी हात पुढे केला तर पप्पांनी काच वर धरली. "थांब. आधी मी."

त्यांच्या भट्टीवर हीच पद्धत आहे. नवीन माणसाला आधी डोकवू देत नाहीत. जुना माणूस आधी बघतो, मग काच पुढे देतो.

"गरगरीत दिसून राह्यला," ते मान वर करून म्हणाले. "निळा. डाग कुठंय पन?"

"मधून जरा उजवीकडे, सर म्हणाले."

"न्हाई दिसत."

"नीट बघा ना पप्पा. आहेच तो."

ते बघत राहिले. एकदा काच या डोळ्याला लावली, मग त्या डोळ्याला. किती वेळ, ते मी नंतर फार वेळा मोजायचा प्रयत्न केला. मला मोजता येत नाही. मी मधूनमधून "दिसला का, दिसला का" म्हणत होते, एवढं आठवतं. ते माझ्यासाठी तो डाग शोधत होते.

तेवढ्यात आई वाळवणाची चादर उचलायला वर आली. "सूर्याला डाग लागला, तं तुम्हाला काय धुवायला बोलावलंय का?" ती म्हणाली. पप्पांनी हसत काच माझ्याकडे दिली, पण मी ती डोळ्यापाशी नेते तोच आईने हातातून ओढून घेतली. "बापाचं डोकं गेल्यालंच हाय. पोरीचे डोळे मी खराब करू देनार न्हाई."

मला आईचा राग आला. तो राग आता आठवला तरी मला स्वतःची लाज वाटते.

संध्याकाळी पप्पा म्हणाले, "सूर्य अजून डोळ्यात बसल्याला हाय. हलून न्हाई राह्यला." आम्ही तिघेही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाळीवर गेले.

त्या आठवड्यात मी आपल्या आकाशगंगेच्या मध्याविषयी वाचत होते. तिथे काही तारे एका जागेभोवती फार वेगाने फिरतात. त्या जागी दिसत काहीच नाही. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्या ताऱ्यांच्या जागा नोंदवत राहिले आणि त्यांच्या फिरण्यावरून त्यांनी ठरवलं की मध्ये काहीतरी भयंकर जड आहे. कृष्णविवर असं सापडतं. त्याच्याकडे बघून नाही, आजूबाजूचं सगळं कसं वागतं त्याच्याकडे बघून.

मी हे वाचत बसलेली असताना पप्पांनी कपाटाच्या कुलपात किल्ली घालायच्या आधी बोटाने भोक चाचपलं. मी बघितलं, पण मनात काही आलं नाही. मग चहाचा कप. त्यांनी तो उचलायला हात नेला तो कपाच्या जरा बाजूला गेला. मोबाइल ते तिरका धरून बघायला लागले. आईने सुईत दोरा ओवून मागितला, तर "तूच ओव, माझे हात खरबरीत हायेत," म्हणाले. याआधी ओवायचे. आणि बोलताना ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. माझ्या कानाकडे बघत होते. मला वाटलं माझ्या मागे कोणी उभं आहे. मी वळूनही बघितलं.

कोणीच नव्हतं. मी परत पुढे वळले. हे सगळं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं, आणि ती गोष्ट पप्पांच्या नजरेच्या मधोमध होती.

खरं आहे का ते बघायला मी एक कोरा कागद घेतला, मधोमध काळ्या शाईचा टिपका काढला, चण्याच्या डाळीएवढा. आई दुकानात गेली होती. मी कागद पप्पांसमोर धरला. "यावर काय दिसतं?"

त्यांनी कागदाकडे सरळ बघितलं.

"कोरा कागद हाय," ते म्हणाले.

मी कागद तसाच धरून ठेवला. मग त्यांनी डोळे जरा बाजूला फिरवले आणि तेव्हा त्यांना तो दिसला असावा, कारण त्यांचा चेहरा बदलला. कागद त्यांनी माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि घडी घातली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सोमवारपासून. जाईल आपोआप. आधी लईच होतं, आता कमी हाय."

"पप्पा, भट्टीवर जाऊ नका."

"अन् काय सांगू तिथं? सूर्य बघत बसल्तो म्हनून? सगळी पाळी हसंल." मग आवाज खाली करून म्हणाले, "हे बघ. तू कुनाला बोलायचं न्हाई. आईला न्हाई, अन् चाचाला तं बिलकुल न्हाई. बाजूनं बघितलं की मला बराबर दिसतं. तू तुझं कॉलेज बघ."

मी मान हलवली. ते ओरडले असते तर कदाचित मी वाद घातला असता. पण ते विनवणी करत होते, आणि काच मागणारी मी होते. मला वाटलं, ज्याच्यामुळे झालं त्याने निदान त्यांचं एवढं तरी ऐकावं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी सरांना आडून विचारलं, "सर, भट्टीत बघायची निळी काच सूर्याला चालते का?"

सर हातातली वही ठेवून माझ्याकडे वळले. "कोणी बघितलं?"

"कोणी नाही सर. असंच विचारलं."

"त्या काचेतून चकाकी कमी दिसते, म्हणून माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. पण डोळा भाजणारे किरण तिच्यातून आत जातात. आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखत नाही. भाजताना कळत नाही, तेच वाईट आहे." त्यांनी परत विचारलं, "खरंच कोणी नाही ना?"

"नाही सर," मी म्हणाले. सरांशी मी पहिल्यांदा खोटं बोलले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगणं कठीण आहे. आमच्या घरापासून कारखान्याचे आवाज ऐकू येतात. माल पडल्याचा धडाम् असा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तो कधी ऐकू येतो हेच मला माहीत नव्हतं, इतकी सवय. आता प्रत्येक आवाजाला माझं वाचन थांबायचं. मग पुढचा आवाज यायचा, म्हणजे काम चालू आहे, म्हणजे सगळे आहेत. आणि मग मी त्याच्या पुढच्या आवाजाची वाट बघायचे.

रविवारी चाचा आमच्याकडे चहाला आले. ते मधूनमधून येतात. आईला म्हणाले, "भाभी, जरा समझाव इसको. आपला हिरो आता म्हातारा झाला."

"का, काय केलं आता?" आईने विचारलं.

"कल एक शॉकअप सीधा भट्टीच्या तोंडापर्यंत गेल्ता. बंद! दुसऱ्या गड्यानं ओढला म्हणून बरं. मैं ऊपर से चिल्लाया, ओ साहब, बीवी की याद आई क्या?"

आई पदर तोंडाला लावून हसली. पप्पाही हसले. चाचाही स्वतःच्या विनोदावर हसत होते. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. चाचांची क्रेन भट्टीच्या वर असते. लोखंड उडालं तर वर उडतं. मी त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघत राहिले, आणि पप्पांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, बघून हळूच मान हलवली. बोलू नको.

मी बोलले नाही. त्या दिवशीही नाही.

मंगळवारी सेमिनार होता. मी फळ्यावर ताऱ्याची चित्रं काढली, थरांचे रंग भरले, लोखंडापर्यंत आले. सूर्य एवढा मोठा नाही, त्यामुळे त्याचं कृष्णविवर कधीच होणार नाही, हेही सांगितलं. इथपर्यंत आवाज बरा होता. मग हद्दीविषयी सांगितलं, की त्या हद्दीच्या आत गेलेलं काहीच परत येत नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "पण आत जाणाऱ्याला कळतं का, आपण हद्द ओलांडली म्हणून?"

उत्तर माझ्या वहीत होतं. मी ते पाठ केलेलं होतं. "कृष्णविवर खूप मोठं असेल तर नाही कळत," मी म्हणाले. "तिथे काही खूण नसते. ओलांडताना त्याला काही वेगळं वाटत नाही. सगळं आधीसारखंच असतं. फक्त मागे फिरायची वेळ निघून गेलेली असते."

हे मी दहा वेळा वाचलं होतं. पण मोठ्याने म्हटल्यावर मी ते पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या घरातही सगळं आधीसारखंच चाललं होतं. चहा, विनोद, पाळी. आमची वेळ कोणत्या दिवशी निघून जाणार होती? की शनिवारी त्या शॉकअपबरोबरच ती जाता जाता राहिली होती? मला कसं कळणार होतं?

माझा खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला. सरांना वाटलं मी घाबरले. मला सावरायला त्यांनी प्रश्न विचारला, "बरं, मग अगदी मधोमध काय असतं? सिंग्युलॅरिटी म्हणजे काय?"

"गणिताप्रमाणे सगळं वस्तुमान एका बिंदूत," मी म्हणाले. "घनता अनंत. पण... मला माहीत नाही सर."

वर्ग हसला.

"हसू नका," सर म्हणाले. "बरोबर बोलली ती. समीकरणातून अनंत हे उत्तर येतं, याचा अर्थ तिथे आपल्या गणिताने हात टेकले. तिथे काय आहे हे कोणालाच माहीत नाही. मधोमध आपलं ज्ञान संपतं, इतकंच आपल्याला कळतं. बस खाली."

मी खाली बसले नाही. फळा तसाच ठेवून, सरांची परवानगी न घेता वर्गाबाहेर पडले. असं मी कधी केलेलं नव्हतं. रिक्षा मिळाली, एमआयडीसीच्या चौकात उतरले. पहिली पाळी सुटायला अर्धा तास होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे, तिथे चाचा उभे होते. क्रेनवर त्यांना मध्ये दहा मिनिटांची सुटी मिळते. म्हणजे त्या दहा मिनिटांत वर दुसराच कोणी होता, आणि खाली पप्पा.

"क्या बेटा, कॉलेज सोडून इधर? पैसे पायजेत का बापाकडून?"

"चाचा, पप्पांना समोरचं दिसत नाही."

"चश्मा लगेगा मग. उमर झाली, बोला ना मैं."

"तसं नाही. मधोमध काहीच दिसत नाही. बाजूचं दिसतं, मधलं दिसत नाही. सूर्याकडे बघितलं आम्ही, त्यांच्या काचेतून. मी मागितली होती काच. शनिवारचा शॉकअप त्यांना दिसलाच नव्हता."

चाचांनी चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. "कबसे?"

"मागच्या सोमवारपासून. काल आठ दिवस झाले."

"और तेरे को कबसे मालूम?"

मी सांगितलं. गुरुवारपासून.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला जागच्या जागी नाहीसं व्हावंसं वाटलं. "रविवारी मी तुमच्या घरी चहा प्यालो," ते म्हणाले, शांतपणे, शुद्ध मराठीत. "तुझ्या हातचा." मग ते फाटकाकडे पळाले. त्या वयाच्या माणसाला मी तसं पळताना बघितलेलं नाही.

मी बाहेर उभी राहिले. आत जायला मला परवानगी नव्हती. माल पडल्याचा आवाज आला. मग पुढचा आवाज आला नाही. मी वाट बघितली. तरी आला नाही. टपरीवाला भांडी विसळत होता, त्याला म्हणावंसं वाटलं, जरा हात थांबव, मला ऐकू दे. आवाज थांबला होता तो चाचांनी थांबवला म्हणून, की आपोआप थांबला, हे बाहेरून कळायला काही मार्ग नव्हता.

मग ते दोघे फाटकातून आले. चाचांनी पप्पांचं मनगट धरलं होतं, लहान मुलाचं धरतात तसं. पप्पांच्या डोक्यावर अजून टोपी होती, हातात मोजे होते. ते माझ्याजवळून गेले. "चल घरी," एवढंच म्हणाले. घरी आईने विचारलं तेव्हा मीच सांगितलं. आई आधी पप्पांवर ओरडली, मग माझ्यावर, आणि मग मशीनवर अर्धवट ब्लाउज होता तो घेऊन शिवायला बसली. टाके वाकडे पडत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी थेंब टाकले, मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, डोळ्याच्या आतला फोटो काढला. संगणकावर तो मोठा करून दाखवला. लालसर गोल, आणि मधोमध एक बारीक पिवळट ठिपका. दोन्ही डोळ्यांत. "कसं झालं हे?" त्यांनी विचारलं.

"भट्टीचं काम हाय साहेब," पप्पा म्हणाले. "उष्णता लागली असंल."

ते मला वाचवत होते. आणि मला परत तेच वाटलं, मान हलवावी, गप्प बसावं.

"नाही डॉक्टर," मी म्हणाले. "सूर्याकडे बघितलं त्यांनी. भट्टीची काच लावून. मी सांगितलं होतं बघायला. मी फिजिक्स शिकते."

डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि सांगितलं की यावर औषध नाही. पडदा स्वतःचा स्वतः किती भरून येतो ते बघायचं. पुष्कळांचं बरंचसं येतं, काहींचं थोडं राहून जातं. भट्टी नाही, उंचावरचं काम नाही, गाडी चालवायची नाही. तीन महिन्यांनी परत या.

ते तीन महिने अजून संपलेले नाहीत. पप्पा सध्या घरी असतात. कारखान्याने त्यांना बसून करायचं काही काम देतो म्हटलंय, अजून दिलेलं नाही. त्यांच्या जागी आलेला माणूस चांगला आहे, असं चाचा आईला सांगून गेले. माझ्याशी ते अजून बोलत नाहीत. ते बरोबर आहे.

त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर पप्पांनी मला विचारलं होतं, "तुझं ते झालं का? कॉलेजात बोलायचं होतं ते?"

"झालं."

"त्याच्या मधी काळं असतं म्हनून काळं म्हनतेत का?"

मी म्हटलं, प्रकाश येत नाही म्हणून म्हणतात.

"मला मधी काळं न्हाई दिसत," ते म्हणाले. "लोकांना वाटंल काळं दिसतं. काहीच न्हाई दिसत. भिंतीकडं बघितलं तं भिंतच दिसती, मधी काही गेलंय असं वाटतच न्हाई. म्हनून तं मला त्या शॉकअपचं कळलं न्हाई. तिथं जागा रिकामीच होती. मला बराबर वाटलं सगळं."



दवाखान्यासमोरचा रस्ता मोठा आहे, ट्रक सारखे जातात. थेंबांमुळे त्यांना ऊन सहन होत नव्हतं, डोळे बारीक करून ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, विचारलंही नाही. मी सांगेन तेव्हा ते पाऊल टाकणार होते.

मी उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. रस्ता मोकळा दिसत होता. मी परत उजवीकडे बघितलं, परत डावीकडे. एक ट्रक गेला, एक रिक्षा गेली, परत रस्ता मोकळा झाला. मला सगळं स्पष्ट दिसत होतं, आणि तरी "चला" म्हणायला माझं तोंड उघडेना.

"काय गं," पप्पा म्हणाले, "हाय का कुनी?"

"थांबा," मी म्हणाले. "अजून एकदा बघते."